लाल दिवे विझण्याआधी: मोटोजीपीचा नवा हंगाम पाहायची तयारी

नोव्हेंबरात मोटोजीपीची, म्हणजे मोटरसायकलींच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेची, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाची शेवटची शर्यत संपली की आमचा चौघांचा ग्रुप थंड पडतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणाच्या तरी बाईकची जळलेली क्लच प्लेट, पेट्रोलचा भाव, एवढ्यावर तीन महिने निघतात. मग फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी कुणीतरी मलेशियातल्या सेपांगच्या हंगामपूर्व चाचणीतल्या वेळांचा स्क्रीनशॉट टाकतं. खाली एकच शब्द: ‘आलं!’ तासाभरात दीडशे मेसेज पडतात.

या चौघांच्या आसपास दर वर्षी एक पाचवा माणूस असतो. त्याला जुना दिग्गज रायडर रॉसी माहीत असतो, कोपर घासत वळणाऱ्या बाईकचा फोटो त्याच्या फोनवर असतो, आणि ‘मलाही बघायचंय रे, कुठून सुरुवात करू?’ असं तो विचारतो. पण विचारतो मे महिन्यात, पाच-सहा शर्यती होऊन गेल्यावर. नाटकाचा पहिला अंक चुकवून थिएटरात शिरलेल्या माणसासारखी त्याची गत होते. कोण कुणावर का डाफरतंय हे शेजाऱ्याला विचारण्यातच खेळ संपतो.

हा लेख त्या पाचव्या माणसासाठी आहे. दोन-तीन संध्याकाळी खर्च केल्या तर पहिल्या शर्यतीपर्यंत पुरेशी तयारी होते.

सुरुवात कॅलेंडरपासून

२०२६ च्या वेळापत्रकात २२ शर्यती आहेत. पहिली थायलंडमधल्या बुरीरामला १ मार्चला, म्हणजे आपल्या होळीच्या तोंडावर, आणि शेवटची नोव्हेंबरात व्हॅलेन्सियाला. मार्चमध्येच ब्राझीलमधल्या गोयानियाची शर्यत आहे. २००४ नंतर पहिल्यांदा ही स्पर्धा ब्राझीलला परत जाते आहे.

हे वेळापत्रक छापून भिंतीवर लावा किंवा फोनमध्ये भरा, पण स्थानिक वेळ लिहू नका. सगळं भारतीय वेळेत लिहा, आणि ते एकाच बैठकीत उरका. ढोबळ हिशोब असा. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, त्यामुळे तिथली दुपारी तीनची शर्यत आपल्याकडे दीड वाजता, जेवणं आटोपल्यावर. मलेशियाची साडेबाराच्या सुमारास. जपानची सकाळी साडेदहाला, पोह्यांबरोबर. ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडसाठी रविवारची झोप मोडावी लागते. युरोपातल्या बहुतेक शर्यती तिथे दुपारी दोनला असतात, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेपाच. चहाची वेळ! अमेरिका खंडातल्या शर्यती मात्र रात्री उशिरा किंवा मध्यरात्र उलटल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी सोमवार असतो हे धरून चाला.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. युरोपातली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी तासाने पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासाने मागे येतात. आपली जागची हलत नाहीत. त्यामुळे जूनमध्ये साडेपाचला दिसणारी शर्यत नोव्हेंबरात साडेसहाला असते. एका वर्षी मी सगळ्यांना व्हॅलेन्सियासाठी साडेपाचला बोलावलं होतं. तासभर आम्ही मोटो२, म्हणजे धाकटा वर्ग, पाहत बसलो, आणि तेव्हापासून वेळापत्रकाचं खातं माझ्याकडून काढून घेण्यात आलं आहे.

प्रक्षेपण कुठे दिसेल हे जानेवारी-फेब्रुवारीतच तपासा. भारतातले हक्क गेल्या काही वर्षांत या चॅनेलवरून त्या ॲपवर फिरत राहिले आहेत, त्यामुळे गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका. मोटोजीपीची स्वतःची ‘व्हिडिओपास’ नावाची वर्गणीही आहे. ती महाग वाटते, पण चौघांत वाटून घेतलेल्या पिझ्झ्यांचा वर्षाचा हिशोब एकदा मांडून बघा.

शुक्रवार ते रविवार: काय पाहायचं, काय सोडायचं

नवख्याचा पहिला गोंधळ इथे होतो. ‘शर्यत रविवारी ना, मग शनिवारी कोण जिंकलं?’

शुक्रवारी सकाळी पाऊण तासाचा सराव असतो. दुपारी तासाभराचा दुसरा सराव असतो आणि तो नुसता सराव नसतो. त्यातले सर्वांत वेगवान दहा जण थेट पात्रता फेरीच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे क्यू२ मध्ये जातात. उरलेले शनिवारी सकाळी क्यू१ मध्ये भांडतात, तिथून फक्त दोघांना वर चढता येतं. क्यू२ मधल्या या बारा जणांच्या पंधरा मिनिटांतून शर्यत सुटतानाच्या पुढच्या चार रांगा ठरतात. एका रांगेत तीन बाईक.

शनिवारी दुपारी स्प्रिंट. २०२३ पासून सुरू झालेली ही छोटी शर्यत रविवारच्या निम्म्या अंतराची असते. गुण पहिल्या नऊ जणांना, विजेत्याला १२. रविवारच्या मुख्य शर्यतीत पहिल्या पंधरा जणांना गुण मिळतात: पहिल्याला २५, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १६, आणि उतरत उतरत पंधराव्याला १.

वेळ कमी असेल तर माझा सल्ला सरळ आहे. शुक्रवारच्या दुपारच्या सरावाची शेवटची दहा मिनिटं, क्यू२ पूर्ण, स्प्रिंट आणि मुख्य शर्यत. बाकी हायलाइट्सवर भागतं. शुक्रवारची ती दहा मिनिटं मात्र सोडू नका. नवे सॉफ्ट टायर चढवून सगळे एकदम बाहेर पडतात, कोपऱ्यातल्या यादीतली नावं दर काही सेकंदांना वरखाली होतात, आणि एखादा मोठा रायडर अकरावा राहून हेल्मेटवर हात मारतो. कुणाचा शनिवार कसा जाणार ते तिथेच कळतं. टीव्हीवर ट्रॅकच्या एखाद्या तुकड्याची वेळ लाल रंगात दिसली तर त्या तुकड्यात तो सगळ्यांत वेगवान आहे. लागोपाठ तीन लाल दिसले की खुर्चीत सरसावून बसायचं.

मोटो३ आणि मोटो२ या धाकट्या वर्गांच्या शर्यती रविवारी आधी होतात. मोटो३ म्हणजे २५० सीसीची एकच सिलिंडर असलेली बाईक, मोटो२ मध्ये सगळ्यांना ट्रायम्फचं ७६५ सीसीचं इंजिन. दोन-तीन वर्षांनी मोठ्या वर्गात कोण येणार हे या शर्यतींत दिसतं. मोटो३ मधली पंधरा-वीस बाईकची झुंड शेवटच्या वळणावर एकदम शिरते ते बघायला तर कुठल्याही माहितीची गरज नाही.

बावीस नावं पाठ करू नका

ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुटण्याच्या जागी, ११ संघ आणि २२ रायडर असतात, पण कारखाने पाचच: डुकाटी, ॲप्रिलिया, केटीएम, होंडा, यामाहा. आधी हे पाच आणि त्यांचे रंग ओळखायला शिका. मग प्रत्येकातला एकेक माणूस. एवढं पुरे.

डुकाटीच्या लाल बाईकवर मार्क मार्केझ, नंबर ९३. २०२० च्या पहिल्याच शर्यतीत, स्पेनमधल्या हेरेझला, त्याचा उजवा दंड मोडला. त्या हातावर चार शस्त्रक्रिया झाल्या, आणि २०१९ नंतरचं पुढचं विजेतेपद थेट २०२५ मध्ये आलं, मोठ्या वर्गातलं सातवं. त्याच संघात पेको बान्याया, नंबर ६३, २०२२ आणि २०२३ चा विजेता. ॲप्रिलियावर होर्हे मार्टिन, २०२४ चा विजेता, आणि त्याचा जोडीदार मार्को बेझेक्की. यामाहावर फॅबिओ क्वार्तारारो, नंबर २०. केटीएमच्या नारंगी बाईकवर पेद्रो अकोस्टा, ज्याच्या वळणात शिरण्याकडे बघून माझी आई ‘हा कुणाचा मुलगा, याला घरी कुणी बोलत नाही का?’ असं म्हणते.

यंदाचे नवे चेहरे दोन. वर्ल्ड सुपरबाइक या बाजारातल्या बाईकवर आधारलेल्या वेगळ्या स्पर्धेचा तीन वेळचा विजेता तुर्की रायडर तोप्राक राझगातलिओग्लू यामाहावर येतो आहे, आणि २०२५ चा मोटो२ विजेता ब्राझीलचा दिओगो मोरेरा होंडावर. मोरेराला पहिल्याच मोसमात घरच्या प्रेक्षकांसमोर शर्यत मिळते आहे, तेव्हा गोयानियाच्या तारखेवर खूण करून ठेवा.

आता कुणाच्या बाजूने व्हायचं? हे ठरवल्याशिवाय मजा नाही. तटस्थ राहून क्रिकेट बघणारा माणूस जितका कंटाळवाणा, तितकाच हाही. निवडीसाठी काही कारण हवंच असेल तर मराठी माणसाला केटीएमचं एक कारण आयतं आहे. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये केटीएममध्ये पहिल्यांदा पैसा घातला. आपल्या रस्त्यांवरच्या ड्यूक चाकणला तयार होऊ लागल्या. २०२४ च्या अखेरीस ऑस्ट्रियातली ही कंपनी कर्जात बुडाली, तेव्हा तिला वर काढायला पैसा बजाजनेच उभा केला आणि २०२५ मध्ये कंपनीचा ताबाही घेतला. कोथरूडच्या सिग्नलला शेजारी थांबलेल्या ड्यूक ३९० चं आणि अकोस्टाच्या बाईकचं इंजिन सारखं नाही हे खरं, पण नातं आहे. भारतीय नात्याच्याच मागे जायचं असेल तर महिंद्राचा संघ मोटो३ मध्ये होता, आणि २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या ॲसेनला त्यांना पहिला विजय मिळवून दिला तो याच बान्यायाने. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

निवड कारणाशिवाय झाली तरी चालेल. आमच्यातला एक जण केवळ हेल्मेटच्या रंगावरून एका रायडरच्या प्रेमात पडला आणि सात वर्षं त्याचं पडणं सोसतो आहे.

फेब्रुवारीच्या चाचण्या वाचायच्या कशा

हंगामाआधी सेपांगला आणि मग बुरीरामला चाचण्या होतात. उत्साहाचा खरा भडका इथेच उडतो, आणि सर्वांत जास्त चुकीचे निष्कर्षही इथेच निघतात. तेव्हा जरा थांबून सांगतो.

संध्याकाळी बाहेर येणारी यादी म्हणजे प्रत्येकाचा दिवसातला एक सर्वांत वेगवान लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी. सेपांगला तो बहुतेकदा सकाळी निघतो, कारण दुपारी डांबर तापून पकड कमी होते. नवा मऊ टायर, थोडंसंच इंधन, एक लॅप. त्याने पात्रता फेरीतला वेग कळतो. शर्यतीचा वेग कळायला हवा असेल तर दुपारच्या लांब धावांकडे बघा: एकाच जुन्या टायरवर सलग दहा-बारा लॅप कोण एकसारख्या वेळेत काढतो आहे. एक लॅप खणखणीत आणि बाराव्याला दीड सेकंद घसरलेला रायडर शनिवारी चमकतो आणि रविवारी मागे पडतो.

दुसरं, रायडरच्या मुलाखतीपेक्षा मेकॅनिककडे बघा. पुढचं आवरण, पंखांचे आकार, शेपटीखालचे भाग दिवसातून कितीदा बदलले? तिसऱ्या दिवशीही बदल चालूच असतील तर त्यांना अजून गाडी सापडलेली नाही. यामाहाने यंदा वर्षानुवर्षं वापरलेलं इनलाइन फोर (चारही सिलिंडर एका रांगेत) इंजिन सोडून व्ही४ (सिलिंडर ‘व्ही’ आकारात) घेतलं आहे, तेव्हा त्यांच्या वेळांपेक्षा इंजिन किती लॅप न कुरकुरता चाललं हे जास्त महत्त्वाचं.

तिसरं, पडण्याची यादी. २०२५ च्या सेपांग चाचणीत मार्टिन पहिल्याच दिवशी जोरात पडला, पुढे सरावात पुन्हा जखमी झाला आणि गतविजेता पहिल्या शर्यतीला उभाच राहिला नाही. चाचणीत मिळालेल्या वेळेला गुण नसतात, पण मोडलेलं हाड मार्चपर्यंत जुळत नाही.

आणि या सगळ्यावर एक उतारा म्हणून २०१७ आठवा. मॅव्हरिक विन्यालेसने हिवाळ्यातल्या सगळ्या चाचण्या गाजवल्या, कतारची पहिली शर्यत जिंकली, अर्जेंटिनाची दुसरीही जिंकली. आमच्यातल्या एकाने तेव्हाच पार्टी जाहीर केली होती. विन्यालेस वर्षाअखेर तिसरा आला. पार्टी अजून येणे बाकी आहे.

यंदा आणखी एक कोलाहल ऐकू येईल. २०२७ पासून इंजिनं १००० वरून ८५० सीसीवर येणार, टायर मिशलिनऐवजी पिरेलीचे होणार, गाडीची उंची खालीवर करणारी यंत्रणा जाणार. बहुतेक रायडरांचे करारही २०२६ अखेर संपतात. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी कोण कुठे’ याच्या वावड्या पहिल्या शर्यतीआधीच उठतात. त्या वाचा, पण वरणावरच्या तुपाइतक्याच.

नियमांपैकी चार गोष्टी

सगळं नियमपुस्तक कुणालाच येत नाही. या चार आल्या की शर्यतीतलं बहुतेक कळतं.

पहिली, टायरमधली हवा. पुढच्या टायरचा दाब ठरावीक किमान पातळीच्या वर राहायला हवा, आणि तोही मुख्य शर्यतीच्या किमान साठ टक्के लॅपमध्ये. नाही राहिला तर शर्यत संपल्यावर १६ सेकंदांचा दंड. समोर दुसरी बाईक असली की गरम हवेत दाब वाढतो, एकटं पुढे पळालं की टायर गार राहतो आणि दाब उतरतो. २०२५ ला बुरीरामच्या पहिल्याच शर्यतीत मार्क मार्केझ आरामात पुढे होता, आणि अचानक त्याने वेग कमी करून धाकट्या भावाला, ॲलेक्सला, पुढे जाऊ दिलं. आमच्या हॉलमध्ये एकच ओरड: गाडी बिघडली! गाडी ठणठणीत होती. त्याला दाब कमी असल्याचं कळलं होतं, म्हणून तो भावाच्या मागे चिकटून टायर तापवत बसला आणि तीन लॅप उरले असताना पुन्हा पुढे गेला. ज्याला हा नियम माहीत होता त्याला बुद्धिबळ दिसलं, बाकीच्यांना बिघाड.

दुसरी, लाँग लॅप. चूक केलेल्या रायडरला एका वळणाच्या बाहेरच्या बाजूने आखलेल्या लांबच्या वाटेने जावं लागतं. दोन-तीन सेकंद जातात, आणि त्यात चार-पाच जण पुढे निघून जाऊ शकतात.

तिसरी, पाऊस. कोरड्यात सुरू झालेल्या शर्यतीत पाऊस आला की पांढरा झेंडा दाखवतात. मग रायडर पिटमध्ये, म्हणजे संघांच्या गाळ्यांपाशी, येतो, एका बाईकवरून उडी मारून पावसाळी टायर लावलेल्या दुसरीवर बसतो आणि निघतो. कधी यायचं हा निर्णय त्याचा. एक लॅप लवकर आला तर कोरड्या ट्रॅकवर पावसाळी टायर झिजतात, एक लॅप उशीर केला तर घसरून ट्रॅकबाहेरच्या वाळूत. अशा दिवशी फोन बाजूला ठेवा.

चौथी, झेंडे. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे शर्यत थांबली. काळ्यावर नारंगी ठिपका म्हणजे तुझ्या गाडीत बिघाड आहे, बाहेर हो. पिवळे-लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा.

‘एवढं वाकून पडत कसा नाही?’ हा प्रश्न घरातून येणारच. साठ अंशांच्याही पलीकडे झुकलेली गाडी तापलेल्या रुंद टायरच्या कडेवर उभी असते. गुडघा आणि कोपर टेकवणं म्हणजे शरीराचं वजन आतल्या बाजूला नेणं, त्यामुळे त्याच वेगाला गाडी स्वतः थोडी कमी झुकवावी लागते. पडतातच, अधूनमधून. सूटमध्ये एअरबॅग असते, २०१८ पासून ती सक्तीची आहे.

घरातली मांडणी

एकट्याने बघितली तर ही शर्यत चाळीसेक मिनिटांत संपते. चौघांनी बघितली तर ती बुधवारपर्यंत चालते. म्हणून माणसं जमवा.

वायफायवर विसंबण्यापेक्षा टीव्हीला शक्य असेल तर केबलने इंटरनेट द्या. स्ट्रीमिंग प्रत्यक्षापेक्षा मागे असतं, त्यामुळे शर्यत चालू असताना ग्रुपवर लिहायचं नाही हा नियम आम्ही एका कडू अनुभवानंतर केला. कुणाकडे तीस सेकंद आधी दिसत असेल तर शेवटच्या लॅपचं मातेरं होतं. उशिरा बघणार असाल तर सोशल मीडिया बंद, आणि विजेता सांगणाऱ्या मित्राला वर्षभर चहा नाही.

एक वही ठेवा. शर्यतीआधी प्रत्येकाने पहिले तीन लिहायचे, सही करायची. बरोबर नावाला एक, बरोबर जागेला दोन गुण. अधिकृत फॅन्टसी खेळही आहे, पण वहीत ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ ला जागा नसते. आमच्या वहीत २०१९ पासूनच्या नोंदी आहेत. त्यातली सर्वांत अचूक भाकितं एका मित्राच्या आजीची आहेत. ती नंबर बघून सांगते.

खाण्याचं म्हणाल तर तेलकट हात आणि रिमोट यांचं जमत नाही. भडंग, चिवडा, काकडी. वडापाव शर्यतीनंतर.

आणि शर्यत संपल्या संपल्या बाईकची किल्ली उचलू नका. हे मी वडीलधाऱ्याच्या सुरात सांगत नाही, ताम्हिणी घाटात मीही एकदा त्या झिंगेत गेलेलो आहे. मोटोजीपीच्या वळणापलीकडे मोकळी जागा आणि वाळू असते. आपल्याकडे दरी असते, नाहीतर चुकीच्या बाजूने येणारा टेम्पो. हात शिवशिवत असतील तर चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर होणाऱ्या प्रशिक्षण शिबिराचे पैसे साठवा.

प्रत्यक्ष जायचं असेल तर

२०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली आणि आजवरची एकमेव मोटोजीपी शर्यत झाली. बेझेक्की जिंकला. उकाडा असा की लॅप कमी करावे लागले, आणि दुसरा आलेला मार्टिन शर्यतीनंतर थकव्याने कोसळला. स्टँडमध्ये बसलेल्यांचं काय झालं असेल याचा अंदाज करा. पुढच्या वर्षीची शर्यत रद्द झाली आणि ती मालिका तिथेच थांबली.

त्यामुळे आता जवळचे पर्याय म्हणजे सेपांग, बुरीराम आणि दोहाजवळचं लुसैल. पहिल्यांदाच जाणार असाल तर मी सेपांग सुचवेन. क्वालालंपूरच्या विमानतळापासून ते जवळ आहे, शहरात राहायला सगळ्या खिशांची सोय आहे, खाण्याचे हाल होत नाहीत. मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारी पाऊस येतोच, तेव्हा छताखालचं तिकीट घ्या. बुरीरामचं वातावरण जत्रेसारखं, पण ते बँकॉकपासून चारशे किलोमीटरवरचं छोटं शहर आहे. शर्यतीच्या आठवड्यात खोली मिळणं मुश्किल, म्हणून तिकिटाआधी खोली बघा. कतारला शर्यत रात्रीच्या दिव्यांखाली होते, आणि दोह्यात एखादा चुलतभाऊ असेल तर राहण्याचा खर्च वाचतो. आपल्यातल्या बऱ्याच घरांत तो असतोच.

कुठेही गेलात तरी कानात घालायचे बोळे न्या. टीव्हीवर तो आवाज किती गाळून येतो हे पहिली बाईक समोरून गेल्यावर कळतं. व्हिसाचे नियम निघायच्या महिनाभर आधी पुन्हा तपासा, कारण ते बदलतात. आणि मोठ्या स्क्रीनसमोरच्या वळणावरची जागा घ्या. सरळ रस्त्यालगत बसलात तर ताशी साडेतीनशेने काहीतरी गेलं एवढंच कळतं. २०२३ मध्ये इटलीतल्या मुजेल्लोला ब्रॅड बाइंडरने ताशी ३६६.१ किलोमीटर गाठले होते. त्याचा रंग कुठला होता हे तिथल्या कुणाला सांगता आलं असेल असं वाटत नाही.

पहिल्या निकालाचं काय करायचं

पहिल्या शर्यतीतून वर्षाचा विजेता कळतो का? २००७ ला कळला होता: केसी स्टोनरने डुकाटीवर कतार जिंकली आणि वर्षही. २०२५ ला मार्केझने बुरीरामला स्प्रिंट आणि शर्यत दोन्ही जिंकल्या, आणि पुढे विजेतेपदही. पण २०२२ ला बान्याया कतारच्या पहिल्या शर्यतीत मार्टिनला घेऊन पडला, जूनमध्ये क्वार्तारारोपेक्षा ९१ गुणांनी मागे होता, आणि तरी वर्ष त्याचंच ठरलं. २०२४ ला त्याने कतार जिंकली, वर्षभरात रविवारच्या ११ शर्यती जिंकल्या, आणि तीनच जिंकणाऱ्या मार्टिनकडून १० गुणांनी हरला. शनिवारचे छोटे गुण आणि न पडण्याची सवय यांनी तो हिशोब फिरवला.

मी स्वतः पहिल्या शर्यतीकडे निकाल म्हणून बघत नाही. कोण कुठे ब्रेक मारतो, कुठली बाईक वळणातून बाहेर पडताना मागे वळवळते, कोण शेवटच्या पाच लॅपमध्ये टायर राखून आहे, एवढं वहीत लिहितो. पाचव्या-सहाव्या शर्यतीला ती पानं उलटून बघायची. तेव्हा कळतं की उत्तर आपल्याच अक्षरात लिहिलेलं होतं आणि आपण भलत्यावर पैज लावली.

काही पहिल्या शर्यती मात्र निकालापलीकडच्या असतात. १८ एप्रिल २००४, दक्षिण आफ्रिकेतलं वेल्कोम. रॉसी जिंकणारी होंडा सोडून हरणाऱ्या यामाहावर आला होता. लोक म्हणत होते, आता कळेल गाडी मोठी की माणूस. त्या पहिल्याच दिवशी तो प्रतिस्पर्धी मॅक्स बियाजीला मागे ठेवून जिंकला, परतीच्या लॅपला ट्रॅकच्या कडेला थांबला, गाडी उभी केली, तिच्याशेजारी बसला आणि तिचं चुंबन घेतलं. ती शर्यत अजून पाहिली नसेल तर या आठवड्यात पाहून घ्या. तयारीचाच भाग समजा.

आणि मग तो रविवार

एकला सगळे आलेले असावेत. सव्वा वाजता बाईक ग्रिडवर येतात, छत्र्या उघडतात, मेकॅनिक टायरवरचे गरम कपडे धरून बसतात. दीडला वॉर्म-अपचा, म्हणजे टायर आणि ब्रेक तापवायचा, लॅप सुटतो, म्हणजे दीडच्या ठोक्याला शर्यत सुरू होत नाही. या लॅपवर सगळे नागमोडी जातात आणि मध्येच करकचून ब्रेक मारतात. कार्बनचे ब्रेक तापल्याशिवाय धरत नाहीत.

मग पुन्हा रांगा लागतात. बारकाईने बघा: सुटताना पुढचं चाक उचलू नये म्हणून रायडर गाडीचा पुढचा भाग दाबून खाली अडकवून ठेवतो. तो अडकवलेला भाग पहिल्या वळणाच्या ब्रेकला सुटतो. कुणाचा नाही सुटला, तर त्याचा पहिला लॅप गेला. बुरीरामला पहिलं वळण उजवीकडे, मग लांब सरळ रस्ता, आणि पुढच्या घट्ट वळणावर सगळे बावीस जण एकाच जागेसाठी ब्रेक लावतात. शेवटचं बारावं वळणही ध्यानात ठेवा. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षांचा निकाल तिथेच लागला होता.

सगळ्यांच्या पुढे लाल झेंडा घेऊन उभा असलेला माणूस चालत बाजूला होतो. लाल दिवे लागतात. ते विझायला नेमके किती सेकंद लागतील हे कुणालाच सांगितलेलं नसतं. तेवढा वेळ आमच्या हॉलमध्ये भडंगाची वाटीही कुणी वाजवत नाही.